कायिरा सरांचा तास

फुंगवेच्या मुलींच्या शाळेत भूगोल असा विषयच नव्हता. नव्या मुलींना वेळापत्रक समजावताना जुन्या मुली सांगायच्या, "आधी गणित, मग इंग्रजी, मग कायिरा." कायिरा म्हणजे जायरोस कायिरा सर. पंचवीस वर्षं त्यांनी या डोंगरावर भूगोल शिकवला होता. त्यांच्या हाताखालून गेलेल्या मुली आता नर्सा होत्या, तलाठ्यासारखी कामं करत होत्या, कुणी आज्या झाल्या होत्या. आणि त्यांतलीच एक, लोनेस लुहांगा, आता शाळेची हेडमिस्ट्रेस होती.

लोनेस डोंगरामागच्या खेड्यातली. डोक्यावर पत्र्याची ट्रंक घेऊन ती वळणावळणाच्या रस्त्यानं चालत शाळेत आली तेव्हा देशात बायकांनी पॅंट घालायला बंदी होती आणि फुंगवेला वीज नव्हती. संध्याकाळचा अभ्यास गॅसबत्तीखाली व्हायचा. सकाळी मक्याची पेज मिळायची. शनिवारी मुली गुडघ्यांवर बसून वसतिगृहाची लाल फरशी अशी घासायच्या की तिच्यात स्वतःचे दात दिसावेत. आताच्या फरशा पांढऱ्या होत्या आणि एक बाई मॉप घेऊन त्या पुसायची. तरीही कुठे लाल पॉलिशचा डबा उघडला की त्या वासासरशी लोनेसला चौदा वर्षांची झाल्यासारखं वाटायचं.

ती दुसऱ्या फॉर्ममध्ये, म्हणजे हायस्कूलच्या दुसऱ्या वर्षाला असताना एक लॉरी धापा टाकत डोंगर चढून आली. वर कपाट, सायकल, खुराड्यात कोंबड्या आणि कडेवर पोर घेतलेली एक हसरी बाई. कायिरा सर दक्षिणेतल्या चहाच्या मळ्यांकडे बरीच वर्षं शिकवत होते. तिथं घर केलं होतं, झाडं लावली होती. मग वरून हुकूम निघाला की उत्तरेकडच्या मास्तरांनी उत्तरेतच परत जावं. लॉरीतून उतरलेल्या त्या माणसाच्या पापण्यांपर्यंत धूळ बसली होती. त्यानं घर विचारलं नाही, पाणी मागितलं नाही. म्हणाला, "वर्ग कुठाय?"

"अहो, आधी कोंबड्या तरी उतरवा!" वरून बायको ओरडली, आणि खिडक्यांतून डोकावणाऱ्या सगळ्या मुली फिदीफिदी हसल्या.

पहिल्याच तासाला त्यांनी फळ्यावरून खडू न उचलता एका रेघेत आख्खा आफ्रिका काढला. मग आत एक लांबट शेंग काढली. "हे आपलं सरोवर. इथून किती लांब आहे, सांगा." कुणालाच सांगता येईना. लोनेसनं तर सरोवर पाहिलंच नव्हतं. पुढच्या शनिवारी सरांनी वर्गाला पाइनच्या जंगलातून डोंगराच्या कड्यावर नेलं. झाडी संपली आणि एकदम जमीनच संपली. खाली, पार त्या टोकापर्यंत, नुसतं निळं पाणी, आणि पाण्यापलीकडे धूसर दिसणारा दुसऱ्या देशाचा डोंगर. एवढं सगळं आपल्या घरामागे होतं आणि आपल्याला कुणी सांगितलं नव्हतं, या विचारानं लोनेस गवतात खाली बसली. सर तिच्याकडे बघून एवढंच म्हणाले, "पाहून घे नीट. तासाला विचारीन."

तेव्हापासून दर वर्षी एक शनिवार कड्याचा असायचा.

पुढे लोनेस शिक्षिका झाली, फिरत फिरत फुंगवेला परत आली, आणि काही वर्षांनी हेडमिस्ट्रेसच्या खुर्चीत बसली. त्या पहिल्या दिवशी ती स्टाफरूममध्ये शिरली तेव्हा कुणी उठावं की नाही अशी चुळबुळ चालली होती. आपल्याहून लहान बाई, तीही इथलीच जुनी विद्यार्थिनी. सगळ्यांत आधी कायिरा सर उठून उभे राहिले. "मॅडम आल्या," ते म्हणाले. मग सगळे उठले. बाहेर व्हरांड्यात मात्र हळूच कानाशी आले. "लोनेस, चपलेचा पट्टा सुटलाय. पडशील."

ते साठीला आले त्या वर्षाची ही गोष्ट. सरकारी नोकरी संपत होती, पण शाळेला स्वतःच्या निधीतून एक माणूस कंत्राटावर ठेवता येत होता. ती जागा कायिरा सरांची, हे सगळ्यांनी धरूनच चाललं होतं. त्यांची बायको आदल्या वर्षी वारली होती. शाळेच्या घरात ते एकटेच राहत. शाळा नसती तर या माणसानं करायचं काय, असा प्रश्नही कुणाच्या मनात आला नव्हता.

पहिलं सत्र अर्ध्यावर आलं असताना उपमुख्याध्यापक न्यासुलू ऑफिसात आले आणि त्यांनी दार लोटून घेतलं. न्यासुलू तोंडाचे फटकळ. दार लोटणं त्यांच्या स्वभावात नव्हतं.

"मॅडम, कायिरा सरांचं काहीतरी बघायला हवं."

"काय झालं?"

"तिसरा फॉर्म अजून खचदरीवरच आहे."

"मोठा धडा आहे तो."

"मोठा आहे, पण एवढाही नाही. तुम्ही स्वतः एकदा कानोसा घ्या. मी काही बोलत नाही."

दुसऱ्या दिवशी लोनेस वर्गामागच्या निलगिरीखाली जाऊन उभी राहिली. आत तोच आवाज. या आवाजाला कधी घोगरेपणा माहीतच नव्हता. "तर मुलींनो, आज आपण एक नवा धडा सुरू करू. जमीन दुभंगते म्हणजे काय?" त्यांनी दोन हातांच्या मुठी जवळ धरल्या आणि दूर नेल्या. एका मुलीनं हात वर केला. "सर, मग मधला भाग खाली बसतो का?" सरांचा चेहरा फुलला. "शाब्बास! बसतो! आणि तिथं काय साठतं?" "पाणी, सर!" दुसरी म्हणाली. तिसरीनं विचारलं, "सर, म्हणजे आपलं सरोवर असंच झालं?" सर हसले, ते छाती भरून हसणं, आणि खडू घेऊन फळ्याकडे वळले.

लोनेसला आधी बरंच वाटलं. मग तिनं खिडकीतून मुलींच्या बाकांकडे पाहिलं. कुणाचीच वही उघडी नव्हती. प्रश्न विचारणारी मुलगी पुढच्या प्रश्नासाठी शेजारणीला कोपरानं ढोसत होती, आता तुझी पाळी, अशी. हा नवा धडा त्या कितव्यांदा शिकत होत्या कोण जाणे.

तिनं वर्गाची मॉनिटर वानांग्वा हिला बोलावलं. वानांग्वा उंच, शांत, सरोवराकाठच्या गावची.

"खचदरी किती वेळा झाली?"

वानांग्वा पायाच्या अंगठ्याकडे बघत राहिली. "एकदाच, मॅडम."

"वानांग्वा."

"बाकीचं आम्ही चौथ्या फॉर्मच्या ताईंकडून शिकून घेतो, मॅडम. संध्याकाळी. काही राहत नाही, खरंच." आणि मग एकदम तिचा आवाज फुटला. "त्यांना सांगू नका ना. ते शिकवताना इतके खूश असतात."

लोनेसनं तिला वर्गात परत पाठवलं आणि बराच वेळ काहीच केलं नाही. खरं तर ते सत्रभरच तिनं काही केलं नाही. न्यासुलू मधूनमधून विषय काढत. ती म्हणे, "बघू. या सत्रापुरतं बघू." एकदा ते चिडलेच.

"मॅडम, हे हेडमिस्ट्रेस बोलतेय की दुसऱ्या फॉर्ममधली लोनेस?"

"तुम्हीपण त्यांचेच विद्यार्थी आहात ना, न्यासुलू सर? सुट्टीतल्या शिकवणीला येत होतात."

"आहे ना. म्हणून तर जीभ जड होते. पण या मुलींनी परीक्षेला जायचंय. शाळा म्हणजे म्हाताऱ्यांना सांभाळायचं घर नव्हे." बोलून गेल्यावर त्यांनाच लाज वाटली असावी. ते टेबलावरच्या पिना उगाच सारख्या करत बसले.

तिनं मधला मार्ग काढून पाहिला. "सर, दोन तास मी घेते. तुम्हाला जरा मदत," असं म्हणत ती एका सकाळी त्यांच्याबरोबर वर्गात गेली. कायिरा सरांनी मुलींसमोर एक शब्द काढला नाही. तास संपल्यावर दाराशी थांबून म्हणाले, "मॅडम, माझ्या वर्गात खडू एकाच माणसाच्या हातात असतो." ती पुन्हा गेली नाही.

दुसऱ्या सत्रात कड्याचा शनिवार आला. लोनेसनं थांबवायला हवं होतं. तिच्या ते मनात आलंही. पण सकाळी टोपी घालून, काठी घेऊन, मुलींची रांग लावताना त्यांना पाहिलं आणि ती गप्प बसली. जायचं, बघायचं, यायचं. जेवणाच्या घंटेपर्यंत सगळे परत असायचे. त्या दिवशी जेवणाची घंटा झाली, मक्याच्या घट्ट न्सिमाची भांडी धुऊन झाली, तरी वर्ग आला नाही. ऊन उतरायला लागलं तसे ती आणि न्यासुलू जंगलाकडे निघाले. तो कडा किती सरळ खाली जातो, ते दोघांनाही माहीत होतं.

पाइनच्या झाडांतून आधी गाणं ऐकू आलं. मुली तार स्वरात गात होत्या, पावलांवर ठेका धरून. मग वळणावर रांग दिसली. पुढे कायिरा सर, आणि त्यांच्या मागे अर्ध्या पावलावर वानांग्वा, त्यांचं कोपर हलकेच धरून. दुरून पाहणाऱ्याला वाटावं, सरच नेताहेत. मधल्या एका मुलीनं हात डोक्याच्या रुमालात बांधून गळ्यात अडकवला होता. तिचे ओठ पांढरे पडले होते, तरी तीही गात होती.

"यंदा वाट जरा बदलली," सर म्हणाले. "म्हटलं, मुलींना जंगलही दाखवावं." काठी कुठेतरी हरवली होती. टोपी त्यांनी दोन्ही हातांत चुरगळून धरली होती. हे बोलताना त्यांनी लोनेसकडे पाहिलं नाही.

"तुझ्या हाताला काय झालं ग?"

"मीच घसरले, मॅडम. सर सांगत होते जपून चाल. मीच ऐकलं नाही."

"हो, मॅडम," सगळ्या एकदम म्हणाल्या. "तीच धावत होती."

मनगटाचं हाड मोडलं होतं. न्यासुलू मुलीला घेऊन दवाखान्यात गेले, परत आले, आणि या वेळी काहीच बोलले नाहीत. ते बोलले असते तर लोनेसनं वाद घातला असता. ते बोलले नाहीत म्हणून तिला स्वतःशीच बोलावं लागलं.

पुढच्या शनिवारी सकाळी ती कायिरा सरांच्या घरी गेली. ते केळींच्या बुंध्याशी पाचोळा लोटत होते. "ये, न्यालुहांगा," ते म्हणाले. माहेरच्या कुळाच्या नावानं हाक म्हणजे आदराची हाक. शाळेत कुणी तसं म्हणत नसे. त्यांनी तिच्यासाठी बाहेर खुर्ची आणली. तिनं चहा नको म्हटलं तेव्हाच त्यांना काहीतरी कळलं असावं.

"सर, कंत्राटाची जागा मी तुम्हाला देत नाहीये. या सत्रानंतर तुम्ही वर्गावर जाऊ नये, असं मी ठरवलंय."

झाडू त्यांच्या हातात तसाच राहिला. मग ते हसले, पण ते नेहमीचं हसणं नव्हतं.

"एकदा एका हुकमानं मला उचलून लॉरीत घातलं. तेव्हा हुकूम काढणाऱ्याला मी ओळखत नव्हतो. या वेळी हुकूम काढणारीला नद्यांची नावं मी शिकवलीत. बरं आहे. प्रगती आहे."

"सर, तुम्ही वाट विसरलात."

"कोण म्हणतं? मुलींनी चहाडी केली?"

"मुली एक अक्षर बोलल्या नाहीत. मोडलेला हात गळ्यात घेऊन ती पोर माझ्या तोंडावर खोटं बोलली. सगळा वर्ग बोलला. सर, तुमच्यावर माया आहे म्हणून त्या खोटं बोलायला शिकताहेत. वर्गातही तेच चाललंय."

"वर्गात काय चाललंय?"

ती घुटमळली. हे सांगायचं तिनं ठरवलं नव्हतं. पण आता मागे फिरणं म्हणजे तीही त्या वर्गातलीच एक झाली असती.

"खचदरीचा धडा, सर. तुम्ही तोच शिकवताय. पुन्हा पुन्हा. मुली नवा असल्यासारखं दाखवतात."

कायिरा सर पायरीवर बसले. झाडू त्यांनी शेजारी नीट आडवा ठेवला. केळीच्या पानांतून वारा फडफडत होता.

"केव्हापासून?"

"पहिल्या सत्रापासून असेल."

"तोच धडा?"

"तोच."

"आणि मी घरी येऊन तिच्या फोटोला सांगत होतो," त्यांनी आत बायकोच्या फोटोच्या दिशेनं मान वळवली, "की यंदाच्या मुली फार हुशार आहेत. विचारायच्या आत उत्तर देतात."

लोनेसला रडू आवरेना. तिनं त्यांच्या हाताकडे हात नेला तसा त्यांनी हात मागे घेतला.

"जा तू आता," ते म्हणाले. "जा."

निरोपसमारंभाला ते नाही म्हणाले. भाषण नको, भेट नको, केक तर नकोच. सरोवराकाठच्या कारोंगाहून त्यांची मुलगी एनेलेस, पंचवीस वर्षांपूर्वी त्या लॉरीतून आलेलं ते कडेवरचं पोर, एक छोटा टेम्पो घेऊन आली. शाळा चालू असताना सामान चढलं. कपाट चढवायला न्यासुलू पुढे झाले, कुणाला हात लावू देईनात, आणि टेम्पो निघाल्यावर पाण्याच्या टाकीमागे जाऊन लहान पोरासारखे रडले. तिसऱ्या फॉर्मच्या मुली कुणाला न विचारता वर्गाबाहेर आल्या आणि रस्त्याच्या कडेनं उभ्या राहिल्या. सर पुढच्या सीटवर सरळ समोर बघत बसले होते. त्यांनी लोनेसकडे पाहिलं नाही, मुलींकडेही नाही. टेम्पो पहिल्या वळणाआड गेला आणि त्याच्या इंजिनाचा आवाज मात्र वळणावळणानं खाली उतरत कितीतरी वेळ येत राहिला.

त्यांच्या जागी अतुसाये आला. नुकताच शिकून बाहेर पडलेला, हुशार, इस्त्रीच्या घडीसकट कोरा. पंधरवड्यातच तो ऑफिसच्या दाराशी रडवेला होऊन उभा राहिला.

"मॅडम, मी मुलींना शिकवतोय की भिंतीला? प्रश्न विचारला की सगळ्या फळ्याकडे बघतात."

लोनेस त्याच्याबरोबर वर्गात गेली. "कायिरा सरांना मी काढलं," ती म्हणाली. "यांनी नाही, न्यासुलू सरांनी नाही, सरकारनं नाही. मी. राग धरायचा असेल तर माझ्यावर धरा. यांचा तास वाया घालवू नका."

मग वानांग्वा उठली. "मॅडम, तुम्हाला काहीच वाटलं नाही?"

"पुस्तकं उघडा," लोनेस म्हणाली आणि बाहेर पडली.

मुलींनी पुस्तकं उघडली. हळूहळू अतुसायेला प्रश्नही विचारायला लागल्या. पुढच्या वर्षी परीक्षेत दोघी सोडून सगळ्या भूगोलात पास झाल्या. न्यासुलूंनी निकाल आणून टेबलावर ठेवला आणि "ठीक झालं म्हणायचं," एवढंच म्हणाले. दोघांनाही आनंद व्हायला हवा होता. झालाही, पण तो कुणाला तरी सांगावासा वाटत होता, आणि तो माणूस डोंगरावर नव्हता.

सुट्टीत लोनेस कारोंगाला गेली. वानांग्वा तिकडचीच, तीही बसथांब्यावर येऊन थांबली होती. एनेलेसचं घर किनाऱ्याजवळ होतं. अंगणात बांबूच्या मांडवांवर वाळत घातलेले उसिपा, सरोवरातले चिमुकले मासे, चांदीसारखे चमकत होते.

"तुम्हाला ओळखतील असं नाही," एनेलेस दारातच हळू आवाजात म्हणाली. "मनाला लावून घेऊ नका. मला पण कधीकधी आईच्या नावानं हाक मारतात."

कायिरा सर आंब्याखाली चटईवर बसले होते. थोडे वाळले होते, पण सदरा स्वच्छ, दाढी केलेली. त्यांनी दोघींना बसायला जागा करून दिली, एखाद्या अनोळखी पाहुण्याला करावी तशी. "पाहुण्यांना जेवल्याशिवाय सोडू नकोस ग," त्यांनी आत हाक दिली. एनेलेसनं कारोंगाचा वासाचा भात आणि टोमॅटोत शिजवलेला मासा आणून ठेवला. वानांग्वा खाली मान घालून जेवत होती. तिचे डोळे वाहत होते आणि ती ते तिखटावर ढकलत होती.

"तुम्ही काय करता?" सरांनी लोनेसला विचारलं.

"एका शाळेवर आहे, सर. हेडमिस्ट्रेस."

"अरे बाप रे. कटकटीचं काम." ते समजुतीनं हसले. "मास्तर कसे आहेत? एखादा कामचुकार असणारच."

"आहे एक. चहाला सगळ्यांच्या आधी, तासाला सगळ्यांच्या नंतर."

सर छाती भरून हसले. तेच हसणं. अंगणातल्या कोंबड्या दचकल्या. लोनेसनं घास ताटात ठेवला.

"कुणाला काढावं लागलं कधी?"

"लागलं. एकाला."

"वाईट होता?"

"नाही, सर. सगळ्यांत चांगला होता."

सरांनी यावर थोडा विचार केला. माशाचा काटा बोटांनी अलगद बाजूला केला आणि मधला मऊ तुकडा तिच्या ताटात वाढला.

"मग आठवण येत असेल त्याची."

"रोज येते."

"तर मग भेटून ये त्याला कधीतरी," कायिरा सर म्हणाले. "जुन्या मास्तरांना बरं वाटतं ग. त्यांच्याकडे सहसा कुणी जात नाही."

"जाईन, सर," लोनेस म्हणाली, आणि त्यांनी वाढलेला तुकडा तिनं खाल्ला.